कुंभ्याच्या झाडाचे दुसरे नाव

ठाणे शहरातील वागळे इस्टेटीत कारखान्यांची व कचेऱ्यांची दाटी आहे. परंतु तिच्या पाठीशी येऊरचे डोंगर उभे आहेत, व त्या रानात कुंभ्याची झाडे आढळतात. खेड्यांतील आपल्या मंडळ्यांस हे झाड नव्याने दाखवावयास नको. ह्याच्या सालीच्या वाखाचे दोर वळतात. उन्हाळ्याच्या आरंभी ह्यास मोठी, पुष्कळ तंतूंची फुले येतात, व सकाळी ती झाडाखाली गळून पडलेली दिसतात. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत मात्र ह्याचे नाव कॅरेया आर्बोरिया असे आहे. ह्यातील दुसरा शब्द, वृक्ष ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून झाला आहे. पहिला शब्द म्हणजे एका मनुष्याचे आडनाव होय, व तो मनुष्य मूळचा जोडे शिवणारा होता.

विल्यम कॅरी ह्यांचा जन्म इंग्लंडात नॉर्दॅम्प्टन परगण्यातील एका खेड्यात ता. 17 ऑगस्ट 1761 रोजी झाला. बाप विणकर होता, पुढे तो गावच्या शाळेचा पंतोजी झाला. मुलास झाडाझुडपांचा व किड्यापाखरांचा विलक्षण नाद होता. परंतु उन्हात काम केल्याने त्याची कातडी दुखे, म्हणून त्यास चांभाराच्या दुकानी उमेदवार ठेविले. त्या दुकानात नव्या करारावरील एका टीकाग्रंथात त्यास अनोळखी अक्षरे दिसली. ती ग्रीक होती. त्याने ती जशीच्या तशी उतरून घेतली, व गावी एक ग्रीक जाणणारा विणकर होता त्याजकडे नेऊन त्यांचा अर्थ विचारला. ह्याप्रमाणे आरीदोऱ्याचे काम करीत करीत तो ग्रीक, लॅटिन व इब्री भाषा शिकला.

हे ज्ञान दोन प्रकारे फळास आले. पहिला प्रकार आपणांस ठाऊक आहे. 1793 साली ते बंगाल्यात आले. 1800 साली श्रीरामपुरास राहिले. 1801 साली बंगाली नवा करार छापून निघाला. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवीत. तेथील वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण छापिले, व 1810 साली कोश प्रसिद्ध केला. आपल्या भाषेतील नवा करार श्रीरामपुराच्या छापखान्यातून 1811 साली बाहेर पडला.

दुसरा प्रकार असा. स्वीडन देशातील लिनिअस नामक पंडिताने, जो स्वतः एका पाळकाचा पुत्र होता, 1753 साली प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव देण्याची रीत घालून दिली. एकाच झाडास गावोगावी निरनिराळी नावे असतात, त्यामुळे दूरदेशीच्या वैद्याचा व माळ्याचा घोटाळा होई. तो टळावा हा तिचा हेतू. ही नावे बहुधा ग्रीक व लॅटिन शब्दांची घडविलेली असतात. ज्यास ग्रीक नवा करार वाचता येतो त्यास त्यांत ओळखीचे शब्द भेटतात. फणसास आर्टोकार्पस म्हणतात. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत भाकरीस जो ग्रीक शब्द आहे तो आर्टोस. गलतीकरांस लिहिताना पौलाने आत्म्याच्या फळास जो शब्द योजिला तो कार्पोस. पळसाच्या नावातील मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी, आणि मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यात बीजास हाच स्पर्मा शब्द आहे. आंब्याचे नाव मँगिफेरा. ह्याचा पूर्वार्ध दक्षिण हिंदुस्थानातील लोकांच्या तोंडचा, व उत्तरार्ध, म्हणजे धारण करणारा, लॅटिन. तेव्हा मजुराच्या तोंडचा शब्दही विद्वानांच्या ग्रंथात मानाने बसला आहे.

कॅरी साहेबांनी श्रीरामपुरास सुमारे पाच एकरांची बाग केली व लिनिअसच्या रीतीने तीत झाडे लाविली. कलकत्त्याच्या सरकारी बागेचे अधिकारी डॉक्टर रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही होते. 1811 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनीच कुंभ्याच्या जातीस मित्राचे नाव दिले. रॉक्सबर्ग 1815 साली वारले; त्यांचा हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील मोठा ग्रंथ अप्रकाशित राहिला होता, तो कॅरींनी श्रीरामपुरास छापून 1832 साली पूर्ण केला. मित्राने ह्यांचे नाव झाडास दिले, ह्यांनी मित्राचे श्रम बुडू दिले नाहीत.

ह्या कामात दुःखे थोडी नव्हती. एक लहान मुलगा बंगाल्यात आल्यावर वर्षभरातच वारला. पत्नीची बुद्धी भ्रमली, ती 1807 साली निवर्तली. ता. 11 मार्च 1812 रोजी छापखान्यास आग लागून वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. 1823 साली महापुराने बागेची नासाडी केली. प्रत्येक वेळी ते पुन्हा आरंभास बसले, व पुन्हा लेखणी आणि कुदळ हाती घेतली.

मोठ्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीत कोणी त्यांस हिणवावे म्हणून पूर्वी ते जोडे करीत होते काय असे विचारिले, तेव्हा आपण जोडे करणारे नव्हतो, केवळ फाटके जोडे सांधणारे होतो, असे त्यांनी शांतपणे सांगितले, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्या देशात ज्या धंद्यामुळे मनुष्यास वेशीबाहेर बसविले, त्याच धंद्याची त्यांस लाज वाटली नाही.

ता. 9 जून 1834 रोजी ते प्रभूमध्ये झोपी गेले. आपल्या थडग्यावर नाव, जन्ममृत्यूच्या तारखा व स्वतःची दीनता कबूल करणाऱ्या एका गीताच्या दोन ओळी, ह्याहून अधिक काही लिहू नये, असे त्यांनी सांगून ठेविले होते. ज्याने आपले नाव दगडावर वाढू दिले नाही, त्याचे नाव देवाच्या रानात दरवर्षी फुलते.

उपदेशक बंधूंनो, आपणांस ग्रीक येत नाही म्हणून खिन्न होऊ नका. विद्वान ज्यास कॅरेया म्हणतात त्यास कुंभा म्हणणाऱ्या आपल्या आजीचे ज्ञानही ज्ञानच आहे. येत्या शब्बाथशाळेत मुलांस झाडाखाली न्या, त्याचे दोन्ही नावांनी वर्णन करा, आणि त्याच्या मुळावर कुऱ्हाड पडू देऊ नका; कारण झाडच नाहीसे झाले म्हणजे दोन्ही नावे पोरकी होतील.