श्रीहरिपाळदेवांचे गृहनिष्क्रमण

भृगुकच्छ, म्हणजे आजचे भडोच. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील राजाचे प्रधान विशालदेव यांचे चिरंजीव हरिपाळदेव ऐन तारुण्यात निवर्तले. देह स्मशानात नेला गेला. त्याच समयी द्वारावतीस श्रीचांगदेव राऊळांनी आपले पुर त्यागिले आणि तो पतित देह स्वीकारिला. भाद्रपद शुद्ध द्वितीयेचा अवतारदिन पंथात साजरा होतो तो याच प्रसंगाचा.

पतितस्वीकाराच्या या लीळेचे निरूपण आपल्याकडे बहुधा परमेश्वराच्या बाजूने होते. भडोचच्या त्या घराच्या बाजूनेही ते पाहिले पाहिजे. मातापित्यांनी पुत्र गमावला होता आणि तो स्मशानातून परत आला. त्यांचा आनंद खोटा नव्हता. मात्र त्या देहात आता परब्रह्म नांदत होते. विशालदेवांना वंश आणि प्रधानपद चालविणारा पुत्र हवा होता; परमेश्वरास जीवोद्धरण करावयाचे होते. देह एकच होता. त्यावर पित्याचा अधिकार उरलाच नव्हता असे म्हणणे सोपे आहे; पण सर्वज्ञांचे आचरण तसे सांगत नाही.

ते त्या घरी पुत्र म्हणूनच राहिले. पत्नीसह संसार केला, द्यूतही खेळले. एकदा द्यूतात मोठे ऋण झाले, तेव्हा पत्नीजवळ अलंकार मागितले. तिने ते दिले नाहीत. ऋण पित्याने फेडले. या प्रसंगातून उदासीनतेचे निमित्त घडले, म्हणून निरूपणात पत्नीच्या नकारावर भर दिला जातो. पित्याच्या देण्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ज्याने एकदा पुत्राचे शव पाहिले, त्याला द्रव्य जड वाटले नसावे.

पुढे हरिपाळदेवांनी रामटेकच्या यात्रेस जाण्याची आज्ञा मागितली. विशालदेव तयार होईनात. रामटेकची वाट यादवांच्या मुलखातून जाणारी, आणि गुर्जरांचे यादवांशी वैर. प्रधानाच्या पुत्राने शत्रूच्या राज्यात पाऊल टाकावे, हे राजनीतीस धरून नव्हते. भीती पित्याची होती तशीच प्रधानाचीही होती. अखेरीस पुत्राच्या आग्रहापुढे पिता नमला आणि सोबत परिवार देऊन त्याने निरोप दिला.

येथे एक शंका सहज उत्पन्न होते. आचारप्रकरणात स्वदेश आणि स्वग्राम यांचा संबंध सोडावा, आणि आप्तांचा तर विशेषकरून सोडावा, असे निरूपण आहे. ज्यांनी हा आचार सांगितला, त्यांनी स्वतः पित्याची आज्ञा का मागावी? परमेश्वरास आज्ञेची अपेक्षा नसते, हे उघड आहे. तरीही ते रात्री न सांगता निघाले नाहीत. ज्या घराने देहाचे लालनपालन केले, त्याचा शब्द घेऊनच ते बाहेर पडले. पित्याने यात्रेचा निरोप दिला, संन्यासाचा नव्हे, ही गोष्ट खरी. विशालदेवांच्या वाट्याला आलेले दुःख या आज्ञेने हलके झाले असे कोणी म्हणू नये.

सर्वच घरांत असे घडले नाही. श्रीनागदेवाचार्यांची माता आबाइसा आणि भगिनी उमाइसा स्वतःच सर्वज्ञांच्या सन्निधानी आल्या. तेथे पुत्राची वाट आणि मातेची वाट एक झाली. भडोचच्या मातेला ते भाग्य लाभले नाही.

परिवार मागे ठेवून हरिपाळदेव एकटेच रिद्धपुरास पोचले. श्रीगोविंदप्रभूंनी आपण खात असलेल्या खाद्याचा प्रसाद दिला, शक्तिस्वीकार झाला आणि चक्रधर हे नाम मिळाले. पित्याच्या घरचे नाव रिद्धपुरास मागे राहिले. तेथून सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे गेली. पुढे ओरंगळास पुन्हा विवाह झाला, तोही संसार सुटला, आणि १२६८ च्या सुमारास सर्वज्ञ पैठणास आले. भडोचकडे मात्र ते पुन्हा वळले नाहीत.