रॉजर ॲडम्स

रॉजर ॲडम्स (जन्म : २ जानेवारी १८८९, बोस्टन, मृत्यू : ६ जुलै १९७१) हे अमेरिकी सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ होते. तेले व वसाम्ले यांच्या अल्प नमुन्यांचे प्रयोगशाळेत हायड्रोजनीकरण करण्यासाठी वापरला जाणारा ‘ॲडम्स उत्प्रेरक’ त्यांच्या नावाने ओळखला जातो.

जीवन

हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. पदवी १९१२ साली मिळवल्यावर त्यांनी बर्लिन येथे अध्ययन केले. १९१६ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात रुजू झाले. १९२६ ते १९५४ या काळात ते तेथील रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते. नायलॉनचे जनक वॉलेस कॅरोथर्स आणि नोबेल पारितोषिक विजेते वेंडेल स्टॅन्ली हे त्यांचे विद्यार्थी होत.

ॲडम्स उत्प्रेरक

पूर्वी वापरल्या जाणाऱ्या प्लॅटिनम चूर्णाची क्रियाशीलता दर खेपेस वेगळी असे, त्यामुळे निष्कर्ष भरवशाचे नसत. १९२२ साली ॲडम्स व व्ही. व्हूरहीस यांनी क्लोरोप्लॅटिनिक अम्ल सोडियम नायट्रेटाबरोबर वितळवून प्लॅटिनम डायऑक्साइड तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या उत्प्रेरकामुळे सामान्य तापमानाला व कमी दाबाखाली हायड्रोजनीकरण शक्य झाले.

वसाम्लातील प्रत्येक द्विबंध हायड्रोजनाचा एक रेणू शोषतो. त्यामुळे शोषलेल्या वायूचे घनफळ मोजून द्विबंधांची संख्या काढता येते. १० मिलिग्रॅम ओलेइक अम्लाला प्रमाण तापमान व दाबाला सुमारे ०.८ मिलिलिटर हायड्रोजन लागतो. उत्प्रेरकाचे प्लॅटिनममध्ये रूपांतर होतानाही हायड्रोजन खर्ची पडतो. म्हणून सूक्ष्म नमुन्याच्या मापनात तो आधीच संपृक्त करून घ्यावा लागतो, अन्यथा उत्तर चुकते.

भारताशी संबंधित संशोधन

सल्फोन औषधे येण्यापूर्वी कुष्ठरोगावर चौलमुग्रा तेल हाच प्रमुख उपाय होता. सह्याद्रीत आढळणारा कडू कवठ हा वृक्ष त्याच प्रजातीतील आहे. या तेलातील चौलमुग्रिक व हिडनोकार्पिक अम्लांच्या रेणूत पाच कार्बन अणूंचे, एक द्विबंध असलेले वलय असते, असे ॲडम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ च्या सुमारास दाखवले. त्यानंतर त्यांनी तत्सदृश अनेक अम्ले बनवून कुष्ठरोगावरील औषधाचा शोध घेतला. स्टॅन्ली यांचे विद्यार्थिदशेतील संशोधनही याच विषयावर होते.

१९३८ मध्ये ॲडम्स यांनी सरकीतील गॉसिपॉल या पिवळ्या विषारी द्रव्याची संरचना मांडली. हे द्रव्य कोंबड्यांना अपायकारक असल्याने सरकीच्या पेंडीचा खाद्य म्हणून वापर मर्यादित राहतो. यवतमाळसारख्या कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यांच्या दृष्टीने हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे.

सन्मान

१९३५ साली ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांना १९४६ मध्ये प्रीस्टली पदक मिळाले.