र. धों. कर्वे : पत्रांना उत्तरं देणारे गणिताचे प्रोफेसर

मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र हवं अशी नोटीस लागली तेव्हा आमच्या विंगमध्ये लगेच वाटण्या झाल्या. एकाने कलाम घेतले, एकाने विश्वेश्वरय्या, शिवाजी महाराजांवर तर दोघांत भांडण झालं. मी म्हटलं, मी र. धों. कर्वे लिहितो. पहिला प्रश्न आला, म्हणजे एसएनडीटीवाले महर्षी ना? म्हटलं नाही, त्यांचे थोरले चिरंजीव. मग त्यांनी काय केलं, असा दुसरा प्रश्न आला. मी सांगितलं आणि जो हशा पिकला तो खाली रेक्टर सरांच्या खोलीपर्यंत गेला असणार.

हसणाऱ्यांना दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. हसलोच होतो. ते पुढे सांगतो.

मी मुरबाडचा. हॉस्टेलवरून घरी जायचे रस्ते दोन. एक किन्हवली-सरळगावमार्गे एसटीने, गाडी मिळाली तर. नाहीतर आसनगावहून लोकल पकडून कल्याण आणि तिथून मुरबाडची एसटी. लोकलने जाताना रुळाच्या कडेच्या भिंती वाचायचा माझा जुना छंद आहे. वासिंद, खडवली, टिटवाळा, कुठेही बघा, चुन्याने किंवा निळ्या रंगात तेच लिहिलेलं असतं. गुप्तरोग, कमजोरी, बिघडलेल्या सवयी, शर्तिया इलाज आणि खाली मोबाईल नंबर. मला वाटायचं ही आपल्या काळातली फसवणूक. र. धों. वाचले तेव्हा कळलं की त्यांच्या वेळेलाही असल्या वैदूंचा आणि धातुपुष्टीच्या गोळ्यांचा धंदा जोरात होता आणि या गणिताच्या मास्तरांनी त्याविरुद्ध आयुष्यभर लिहिलं.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरुडचा. आई राधाबाई १८९१ साली गेल्या. वडिलांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा. कुणाचं काहीही वाईट न करता माणूस गावाला नकोसा होतो ही गोष्ट या मुलाने पुस्तकात नाही, घरात पाहिली. पुढच्या सगळ्या आयुष्याचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

हुशारी इतकी की १८९९ च्या मॅट्रिकला पहिला नंबर. मग फर्ग्युसन आणि त्यानंतर गणिताची प्रोफेसरी. एम-थ्रीत केटी लागलेल्यांनी इथे नमस्कार करावा. १९१९ मध्ये गणिताच्याच पुढच्या अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले आणि येताना डोक्यात वेगळाच विषय घेऊन आले. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. मेरी स्टोप्स बाईंचं लंडनमधलं प्रसिद्ध केंद्रही त्याच साली निघालं. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती. (आपल्या शहापूरचं पाणी तेव्हाही मुंबईच पीत होती, तानसा धरण १८९२ चं. पण असो.)

पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी होत्या. दोघांनी मूल होऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि शस्त्रक्रिया र. धों.नी स्वतःवर करून घेतली. हे आजही किती पुरुष करतात ते आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही आरोग्य केंद्रात विचारून बघा. विल्सन कॉलेजात नोकरी होती. हा प्रचार आणि ही नोकरी एकत्र चालणार नाही अशी वेळ आली तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर घर कसंबसं चाललं, बरंचसं मालतीबाईंच्या कमाईवर.

१५ जुलै १९२७ ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा पहिला अंक निघाला. लेख, संपादन, प्रुफं, अंक पोस्टात टाकणं, बहुतेक सगळं एकहाती. मासिक सव्वीस वर्षांहून जास्त चाललं. आपलं हे वार्षिक काढताना संपादक मंडळाची जी दमछाक होते ती पाहता मला हे अचाटच वाटतं. मुखपृष्ठावर नग्न चित्रं असत. देहात लाज वाटण्यासारखं काही नाही हे त्यामागचं म्हणणं. माझं प्रामाणिक मत असं की त्या चित्रांनी विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलं. पण र. धों.चा स्वभावच तो. लोकांना आवडेल अशा बेताने बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

मासिकातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे वाचकांची पत्रं. जे आईबापाला विचारता येत नाही, मित्राला विचारलं तर चेष्टा होते आणि डॉक्टरला विचारायला जीभ उचलत नाही, ते सगळं लोक या माणसाला लिहून विचारत. हस्तमैथुनाने माणूस खंगतो का? लग्नाची भीती वाटते, काय करू? आणि त्यातच काही पत्रं अशीही येत की मला बायकांचं आकर्षण नाही, पुरुषांचं आहे, हा रोग आहे का? लक्षात घ्या, तेव्हा इंग्रजांचं १८६० चं कलम ३७७ होतं आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत होती. अशा काळात र. धों. या पत्रांना छापून उत्तर देत. हॅवलॉक एलिस या इंग्रज शास्त्रज्ञाचं लिखाण त्यांनी अभ्यासलं होतं. काही माणसांची घडणच अशी असते, असं एलिस मांडत असे. ते पुस्तक विकल्याबद्दल १८९८ मध्ये खुद्द इंग्लंडमध्ये खटला झाला होता. र. धों.ची कसोटी गणितासारखी सरळ होती, या वागण्याने दुसऱ्या कुणाचं नुकसान होतं का? होत नसेल तर ती अनीती नाही.

पहिला खटला १९३१ मध्ये झाला, व्यभिचाराच्या प्रश्नावरच्या लेखाबद्दल. दंड शंभर रुपये. दुसरा १९३४ चा आणि तो वाचकांच्या याच प्रश्नोत्तरांवर. फिर्यादीचं म्हणणं असं की असले प्रश्न छापणं हीच अश्लीलता. र. धों.च्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा नुकत्याच झालेल्या, देशभर नाव झालेलं, तरी त्यांनी हे वकीलपत्र घेतलं. मला हे शाळेच्या कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं, सिनियरने सांगितलं तेव्हा थाप वाटली. त्या युक्तिवादाची जी हकीकत छापली गेली आहे तीत बाबासाहेबांचा मुद्दा साधा आहे. मासिक लैंगिक प्रश्नांना वाहिलेलं आहे, वाचक तेच प्रश्न विचारणार आणि संपादकाने उत्तर द्यायचं नाही तर मासिक काढायचं कशाला? विषय लैंगिक आहे म्हणून लिखाण अश्लील होत नाही. आणि कुणाला यात विकृती दिसत असेल तर ती ज्ञानानेच जाईल, तोंड दाबून नाही. समलिंगी आकर्षणाबद्दलही त्यांनी एलिसचा दाखला दिला.

२४ एप्रिल १९३४ ला निकाल लागला. हरले. दंड दोनशे रुपये. र. धों.नी तो भरला आणि पुढचे अंक चालू ठेवले.

आता हसण्याचं सांगतो. सेकंड इयरला माझा एक रूम पार्टनर होता, आमच्याच बाजूचा. एका रात्री लाईट गेलेली, सबमिशन अर्धवट, आम्ही दोघंच जागे. त्याने मला विचारलं की एखाद्याला मुली आवडतच नसतील तर तो आजार असतो का. मित्राबद्दल विचारतोय असं म्हणाला. मी हसलो. लग्न लावलं की सगळे सुधारतात, असं काहीतरी बोललो आणि झोपलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मी ते विंगमध्ये गंमत म्हणून सांगितलं. मग आठवडाभरात कुणीतरी त्याचा फोन उचलून मेसमध्ये त्याचे मेसेज मोठ्याने वाचले. त्यानंतर त्याला ज्या हाका मारल्या गेल्या त्या इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहेत. आपण त्या दिवसातून दहा वेळा एकमेकांना मारतो. कसारा लोकलमध्ये टाळी वाजवत येणाऱ्यांना पाहूनही मारतो आणि ते हात पुढे करतात तेव्हा दहाची नोट देऊन आशीर्वादही घेतो. बालगंधर्वांचं नाव निघालं की आजोबा हात जोडतात, पण नातू जरा नाजूक चालला की त्याच घरात काळजी सुरू होते.

सेमिस्टर संपायच्या आत तो हॉस्टेल सोडून गेला. पुढे कळलं की घरच्यांनी आधी भगताकडे नेलं. मग त्याने स्वतःच भिंतीवरच्या एका नंबरला फोन केला आणि पुड्यांवर काही हजार घालवले. १९३४ मध्ये ज्याला पोस्टकार्ड टाकून सरळ उत्तर मिळालं असतं, त्याला इतक्या वर्षांनी पुडी मिळाली आणि पहिलं उत्तर माझं.

मधल्या काळात काय काय बदललं तेही सांगतो, कारण विंगमध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. ६ सप्टेंबर २०१८ ला त्याच कोर्टाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले. लग्नाचा हक्क मात्र २०२३ मध्ये नाकारला. असा कल बदलण्याचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांवर व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका येऊ शकतो, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं आहे. आणि आपल्यासाठी सर्वात जवळचं म्हणजे, यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि तृतीयपंथी असण्यावरून दिलेला त्रासही घातला. मेसमध्ये जे झालं ते रॅगिंग होतं. आम्ही त्याला मस्ती म्हणत होतो.

र. धों. काही देव नव्हते. त्यांना लिहिणारे बहुतेक शिकलेले शहरी पुरुष होते. मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरच्या बाईला असा प्रश्न पडला असेल तर तिच्यापर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ पोचायचा रस्ता नव्हता. स्वभावही तुसडा. पण आलेल्या पत्राला ते हसले नाहीत.

१९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला, म्हणजे ज्यासाठी यांची नोकरी गेली तेच सरकारी धोरण झालं. १४ ऑक्टोबर १९५३ ला र. धों. गेले आणि नोव्हेंबरचा अंक शेवटचा ठरला. वडील त्यांच्यामागे नऊ वर्षं जगले. १९५८ मध्ये महर्षींना भारतरत्न मिळालं आणि ते मिळायलाच हवं होतं. मुलाच्या वाट्याला मात्र बराच काळ काहीच आलं नाही. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा आणि २०१७ मधलं ‘समाजस्वास्थ्य’ हे अजित दळवींचं नाटक यांमुळे नाव पुन्हा निघालं.

दिवाळीत मुरबाड स्टँडवर तो भेटला. भिवंडीला एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. आम्ही चहा घेतला. मी माफी मागितली, फार नीट जमलं नाही. त्याने माझ्या केटीचं विचारलं. टेलिमानसचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, तो मी त्याला द्यायला गेलो तर तो म्हणाला की त्याच्याकडे आहे, पहाटे दोन वाजता एकदा लावलाही होता. मग मी त्याला र. धों.बद्दल सांगितलं. त्याला आधी खरं वाटेना, बाबासाहेबांचं तर अजिबातच नाही. कल्याणची गाडी लागली तसा तो उठला आणि जाताना सिनेमाचं नाव परत विचारून फोनमध्ये लिहून घेतलं.