कै. डॉ. इरावतीबाई कर्वे आणि भावी मानव

मनुष्यप्राणी आज जसा आहे तसाच तो सदैव होता असें नाहीं, व यापुढेंही तो असाच राहील असें नाहीं. प्रत्येक पिढींत मुलें आईबापांसारखीं असूनही थोडीं निराळीं निपजतात. जीं परिस्थितीस अधिक अनुरूप असतात त्यांचा वंश अधिक वाढतो, आणि हजारों वर्षांत हा फरक सांचत जातो. यासच उत्क्रांति म्हणतात. मग भावी मानव घडविण्याचें हें काम मनुष्यानें आपल्या हातीं घ्यावें काय? तरुण वयांतच या प्रश्नाशीं जिची गांठ पडली, अशा एका विदुषीचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांतील मिंज्यान येथें झाला. त्यांचे वडील गणेश हरि करमरकर तेथें नोकरीस होते. त्या देशांतील इरावती नदीवरून कन्येचें नांव ठेविलें गेलें. सातव्या वर्षीं त्या शिक्षणासाठीं पुण्यास हुजूरपागेंत आल्या, व पुढें रँग्लर परांजपे यांच्या घरीं मुलीप्रमाणें वाढल्या. रँग्लरसाहेब मूळचे मुर्डीचे. आणि इरावतीबाई ज्या घरीं सून म्हणून गेल्या, तें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें घराणें मुरूडचें. अशा रीतीनें त्यांचें माहेरपण व सासर या दोहोंचा संबंध आपल्या रत्नागिरी जिल्ह्याशीं जुळला. १९२६ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतून त्या तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाल्या. नंतर मुंबई विद्यापीठांत डॉ. घुर्ये यांच्या हाताखालीं त्यांनीं प्रबंध लिहिला, तोही कोंकणांतील चित्पावनांविषयीं.

१९२८ सालीं त्या जर्मनीस निघाल्या. महर्षींस हा बेत पसंत नव्हता. परंतु पति दिनकरराव यांनीं पाठिंबा दिला व डॉ. जीवराज मेहता यांनीं कर्जाऊ रक्कम दिली. बर्लिन येथें मानववंश, आनुवंशिकता व सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठीं नुकतीच एक संस्था निघाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे प्रमुख. उत्तम वंशाची पैदास वाढवावी व हीन ठरलेल्यांची खुंटवावी, म्हणजे मानवजातीची सुधारणा होईल, असें मत त्या काळीं युरोप-अमेरिकेंतील अनेक विद्वानांचें होतें. युरोपीय मनुष्याच्या मेंदूचा उजवा पुढील भाग मोठा असून त्यामुळें त्याची कवटी दोन्ही बाजूंस सारखी नसते, व हेंच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचें गमक होय, असा फिशर यांचा तर्क होता. तो पडताळून पाहण्याचें काम या परदेशी विद्यार्थिनीकडे आलें.

इरावतीबाईंनीं १४९ कवट्या बारकाईनें मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या तशाच युरोपाबाहेरीलही होत्या. मापें जुळवून पाहतां कवटीच्या विषमतेचा व वंशाचा कांहींएक संबंध दिसेना. गुरूचा तर्क, परका देश, कर्जाचें ओझें व पदवीची आशा, या साऱ्यांचा विचार करितां मौन सोयीचें होतें. त्यांनीं मात्र जें मोजलें तेंच लिहिलें. १९३० सालीं त्यांस डॉक्टरेट मिळाली.

पुढें काय घडलें तें इतिहासास ठाऊक आहे. १९३३ सालीं जर्मनींत सक्तीच्या वंध्यीकरणाचा कायदा झाला, व सुमारें ४ लक्ष माणसें त्याखालीं चिरडलीं गेलीं. याच संस्थेंतील विद्वानांनीं त्यास शास्त्राचा आधार पुरविला.

स्वदेशीं परतल्यावर इरावतीबाई १९३९ सालीं डेक्कन कॉलेजांत रुजू झाल्या. महाराष्ट्रांत गांवोगांव हिंडून त्यांनीं माणसांचीं शरीरमापें घेतलीं. कुंभार हें नांव एक असलें तरी त्यांच्या निरनिराळ्या पोटजाती एकाच मूळच्या दिसत नाहींत, असें त्यांस आढळलें. एका जातीचे तुकडे होऊन पोटजाती झाल्या, हें मत त्यामुळें त्यांस मान्य होईना. अनेक गट शेजारीं येऊन, आपसांतच लग्नें करीत, जवळ जवळ राहिले, असें त्यांनीं मांडलें. लग्नाचीं कुंपणें माणसाचा वंश कसा घडवितात, हें यावरून कळतें. मराठी वाचकांस त्या ‘परिपूर्ति’ व ‘युगांत’ या ग्रंथांमुळें परिचित आहेत. ११ ऑगस्ट १९७० रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

तो जुना प्रश्न मात्र आज नव्या रूपानें उभा आहे. सिकलसेल नांवाचा रक्ताचा विकार महाराष्ट्रांतील आदिवासी बांधवांत आढळतो. ज्या गुणामुळें तो होतो, तो आईबापांपैकीं एकाकडूनच आला तर हिंवतापापासून बचाव करितो. दोघांकडून आला तर जीवघेणा ठरतो. मग त्यास चांगला म्हणावें कीं वाईट? २०२३ सालीं ब्रिटनमध्यें या रोगावर जनुकांत फेरफार करण्याच्या उपचारास मान्यता मिळाली. तो फेरफार रोग्यापुरताच असतो. परंतु २०१८ सालीं चीनमध्यें जन्मापूर्वींच मुलींच्या जनुकांत फेरफार झाल्याचें जाहीर झालें, आणि असा फेरफार पुढील पिढ्यांतही उतरूं शकतो.

विद्यार्थिमित्रहो, रोग्याचें दुःख हरण करणें निराळें, आणि श्रेष्ठ मनुष्य कोण हें ठरवून तसाच सांचा पुढील पिढ्यांस लावणें निराळें. उद्यां कोणती परिस्थिति येईल व तींत कोणता गुण उपयोगीं पडेल, हें आज कोण सांगूं शकेल? मानवजातीची विविधता हीच तिची शिल्लक आहे. तुमच्यापैकीं कोणी कदाचित् हें शास्त्र शिकाल व असें काम तुमच्या हातीं येईल. तेव्हां मोठ्या नांवाच्या दडपणाखालीं माप वांकवावयाचें नसतें, एवढें इरावतीबाईंच्या त्या १४९ कवट्यांवरून ध्यानांत ठेवावें.