अपघात, तपासणी आणि ना. म. जोशी

मुंबईतला जुना डिलाईल रोड आज ना. म. जोशी मार्ग म्हणून ओळखला जातो. रस्ता सगळ्यांना माहीत, माणूस फार थोड्यांना. झरी-तलासरीकडचा एखादा मजूर महामार्गावरच्या अपघातानंतर माझ्यासमोर बसतो आणि विचारतो, विमा कंपनीने तपासणीला बोलावले आहे, जाऊ की नको? तेव्हा मला जोशी आठवतात.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ मध्ये आताच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगावचा. काही वर्षे शिक्षकी करून १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिचे स्वयंसेवक दुष्काळात आणि साथीच्या रोगांत मदतीला धावत. १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभारण्यात ते पुढे होते, आणि १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांच्या बाजूने बोलत राहिले.

त्या काळी यंत्रात हात गेला तर भरपाईसाठी मालकाची चूक कोर्टात सिद्ध करावी लागे. गरिबाला ते कुठून जमणार? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हे ओझे उतरवले. कायदेमंडळात या प्रश्नाचा पाठपुरावा करणाऱ्यांत जोशी प्रमुख होते.

या कायद्यात डॉक्टरही आला. कामगाराने अपघाताची सूचना दिल्यावर मालकाने ३ दिवसांच्या आत मोफत तपासणी देऊ करायची. कामगाराने सबळ कारणाशिवाय ती नाकारली, तर नकार असेतोवर भरपाईचा हक्क स्थगित. कायद्याला एक तक्ताही जोडलेला होता. आजच्या तक्त्यात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, तर दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेल्यास ४० टक्के घटली, असे धरतात.

मोटार अपघाताचे दावे न्यायाधिकरणापुढे चालतात. कामावर असलेला ड्रायव्हर किंवा क्लीनर जखमी झाला, तर त्याला दोन्हींपैकी एकाच कायद्याखाली भरपाई मागता येते. दाखल्याबद्दल शंका असल्यास विमा कंपनी वैद्यकीय मंडळाकडून तपासणीची मागणी करू शकते. इथे एक गोष्ट महत्त्वाची. शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मधील राजकुमार प्रकरणात स्पष्ट केले. गुडघा पुरता वाकत नसेल तर कारकून काम करू शकतो. भातलावणी करणाऱ्या बाईचे काम मात्र बुडते. डॉक्टरने दुखापत मोजायची, कमाईवरचा परिणाम न्यायाधिकरणाने ठरवायचा.

म्हणून माझे उत्तर असते, जा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, सगळे केस पेपर सोबत न्या. पोटापाण्यासाठी नेमके काय करता ते सांगा: ओझे उचलता, झाडावर चढता, की दिवसभर यंत्रापाशी उभे राहता. जुनी दुखापत लपवू नका, नवी वाढवून सांगू नका. एक खोटे सापडले की खऱ्या वेदनेवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आणि आम्हा डॉक्टरांसाठीही एक गोष्ट: पहिल्या दिवशी घाईत लिहिलेली अर्धवट नोंद पुढे कोर्टात रुग्णाला नडते.

जोशींना सगळेच साधले नाही. १९२४ मध्ये त्यांनी मांडलेले प्रसूती लाभाचे विधेयक कायदेमंडळाने फेटाळले. तरी ते १९४७ पर्यंत तिथे कामगारांसाठी झगडत राहिले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. जखमी माणसाने भीक नव्हे, हक्क मागायचा, हे मात्र त्यांच्या पिढीने कायद्यात लिहून ठेवले.