युद्धकाळातील अहिल्याबाई

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचे नाव घेताच काशीविश्वेश्वराचे मंदिर, सोमनाथ, घाट आणि धर्मशाळा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु देवळे उभारणारे हे हात त्याआधी कित्येक वर्षे लढाईची रसद सिद्ध करीत होते, याचे स्मरण क्वचितच होते. तेच येथे करून देण्याचा आमचा मानस आहे.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी माणकोजी शिंदे पाटील यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी बाईंचा जन्म झाला. १७३३ मध्ये सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुभेदार सदा मोहिमेवर असत. त्यांनी सुनेला हिशेब, वसुली व पत्रव्यवहार यांत तयार केले. दाणावैरण आणि दारूगोळा वेळेवर पोचला नाही, तर शूराची तलवारही निरुपयोगी ठरते, हे ते जाणून होते.

१७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव धारातीर्थी पडले. बाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. वृद्ध सासऱ्यांनी कळवळून त्यांना परावृत्त केले. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील खरी कसोटी हीच होय. चितेवर चढण्यापेक्षा मागे राहून दौलत सांभाळणे हा अधिक कठीण धर्म होता आणि बाईंनी तो पत्करला.

पुढे १७६५ मध्ये सुभेदारांनी त्यांना पत्राने कळविले की, चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, मोठा तोफखाना जवळ ठेवून दारूगोळ्याची होईल तितकी तरतूद करावी आणि वाटेवर चौक्या बसवाव्यात. असे काम ज्या सुनेवर सोपविले जाते, तिच्या योग्यतेविषयी अधिक काय सांगावे?

१७६६ मध्ये सुभेदार व १७६७ मध्ये पुत्र मालेराव निवर्तले. दौलतीवर डोळा ठेवून रघुनाथराव पेशवे चालून आले. बाईंनी सरदारांना मदतीस बोलाविले. स्त्रियांचे पथकही उभारले, असे सांगतात. थोरल्या माधवराव पेशव्यांनी बाईंचाच अधिकार मान्य केला आणि रघुनाथरावांचा हेतू तडीस गेला नाही. याच रघुनाथरावांनी १७७५ मध्ये आपल्या या सुरतेत इंग्रजांशी तह केला व मराठी राज्यावर युद्ध ओढवले.

यापुढे तुकोजी होळकर फौजेबरोबर आणि बाई महेश्वरी, अशी वाटणी झाली. फौजेच्या खर्चाचे तगादे येत. बाई पै-पैचा हिशेब मागत. त्याच काळात त्यांनी महेश्वरी विणकर वसविले, त्यांत सुरतेचे कारागीरही होते, असे परंपरा सांगते. देवळांचा खर्च त्यांनी आपल्या खासगीतून केला. फौजेचा पैसा देवकार्यास लावला नाही.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी ही साध्वी निवर्तली. रणांगणावर पडलेल्यांचे पोवाडे झाले. कोठारे भरणाऱ्या, हिशेब राखणाऱ्या हातांचे फारसे झाले नाहीत. देवळात पुण्यश्लोक बाईंना वंदन करताना त्या हातांनाही वंदन घडावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.