चांदबीबी

चांदबीबी (सुमारे इ.स. १५५० – इ.स. १६००), अन्य नाव चांद सुलताना, ही अहमदनगरच्या निजामशाहीतील राजकन्या, विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाची बेगम आणि पुढे दोन्ही राज्यांत अल्पवयीन सुलतानांच्या वतीने कारभार पाहणारी राज्यकर्ती होती. इ.स. १५९५-९६ मध्ये मोगल सैन्याविरुद्ध अहमदनगरच्या किल्ल्याचे तिने केलेले संरक्षण दख्खनच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. तिच्या विवाहात सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्यात आला होता.

पार्श्वभूमी: सोलापूरचा वाद

सोलापूरचा भुईकोट किल्ला निजामशाही व आदिलशाही यांच्या सीमेवर होता व दोन्ही राज्ये त्यावर हक्क सांगत. इ.स. १५२४ मध्ये पहिला बुऱ्हाण निजामशाह व इस्माईल आदिलशाह यांची सोलापूर येथे भेट होऊन बुऱ्हाणचा विवाह इस्माईलची बहीण मरियम हिच्याशी झाला. इस्माईल व मरियम यांची आई बुबूजी खानम ही मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराची बहीण होती, असे फेरिश्ता सांगतो. या विवाहात सोलापूर आंदण देण्याचे ठरले होते, असा निजामशाहीचा दावा होता. विजापूरने तो नाकारला आणि सोयरिकीतून युद्धे उद्भवली. पुढे बुऱ्हाणने हा किल्ला लढून मिळवला.

जन्म व माहेर

चांदबीबी ही बुऱ्हाणचा मुलगा पहिला हुसेन निजामशाह व त्याची बेगम खुंझा हुमायून यांची मुलगी. तिची एक बहीण गोवळकोंड्याच्या इब्राहिम कुतुबशाहाला दिली होती. हुसेनच्या मृत्यूनंतर (इ.स. १५६५) खुंझा हुमायून हिने मुलगा पहिला मुर्तझा याच्या नावाने काही वर्षे राज्यकारभार पाहिला, अखेर मुर्तझानेच तिला कैद केले. राजमातेने कारभार पाहण्याचा प्रघात चांदबीबीच्या माहेरी अशा रीतीने आधीच पडला होता. चांदबीबीला अरबी, फार्सी, तुर्की, मराठी व कन्नड या भाषा अवगत होत्या, असे सांगितले जाते.

विवाह

विजयनगरच्या रामरायाविरुद्ध एकत्र येण्याचे दख्खनच्या सुलतानांनी ठरवले, तेव्हा जुने वैर मिटवण्यासाठी इ.स. १५६४ च्या सुमारास दुहेरी सोयरीक झाली. चांदबीबीचा विवाह अली आदिलशाहाशी आणि अलीची बहीण हदिया सुलताना हिचा विवाह चांदबीबीचा भाऊ मुर्तझा याच्याशी लावण्यात आला. हुसेनने मुलीबरोबर सोलापूरचा किल्ला दिला. जानेवारी १५६५ मध्ये राक्षसतंगडीच्या (तालिकोटच्या) लढाईत रामराया मारला गेला. युती लवकरच संपली. सोलापूर मात्र विजापूरकडे राहिले.

विजापूरचा कारभार

इ.स. १५८० मध्ये अली आदिलशाहाचा खून झाला. त्याला मुलगा नसल्याने त्याचा भाऊ तहमास्प याचा सुमारे नऊ वर्षांचा मुलगा दुसरा इब्राहिम आदिलशाह गादीवर आला. त्याचे संगोपन व शिक्षण चांदबीबीकडे होते. कारभारी कामिलखान सत्ता बळकावू लागताच तिने हाजी किश्वरखानाच्या साहाय्याने त्याला दूर केले. परंतु किश्वरखानही तसाच वागू लागला. तिने विरोध करताच त्याने तिला सातारच्या किल्ल्यावर कैदेत ठेवले. हबशी सरदारांनी उठाव करून तिची सुटका केली व किश्वरखान पळून गेला. याच गोंधळात अहमदनगर व गोवळकोंडा यांच्या सैन्यांनी विजापूरला वेढा घातला. अहमदनगरच्या गादीवर तेव्हा तिचा सख्खा भाऊ मुर्तझा होता. तरीही माहेरच्या सैन्याविरुद्ध तिने सासरच्या राजधानीचे रक्षण केले आणि वेढा उठला.

इ.स. १५८४ मध्ये इब्राहिमची बहीण खदिजा हिचा विवाह मुर्तझाचा मुलगा मीरान हुसेन याच्याशी ठरला व चांदबीबी तिच्यासमवेत अहमदनगरला गेली. या वेळी अहमदनगरचा मंत्री सलाबतखान याने सोलापूर परत मिळाल्याशिवाय विवाह होऊ देण्यास नकार दिला. अशा रीतीने एकाच किल्ल्यावरून तीन पिढ्यांच्या विवाहसंबंधांत वाद झाले.

अहमदनगरचे रक्षण

पुढील काळात निजामशाही घराण्यात रक्तपात माजला. मीरान हुसेनने पित्याला ठार केले (इ.स. १५८८) व लवकरच तोही मारला गेला. त्यानंतर चांदबीबीचा पुतण्या इस्माईल, भाऊ दुसरा बुऱ्हाण व बुऱ्हाणचा मुलगा इब्राहिम हे क्रमाने गादीवर आले. इ.स. १५९५ मध्ये इब्राहिम विजापूरच्या सैन्याशी लढताना मारला गेला. वजीर मियाँ मंजू याने राजवंशाशी संबंध नसलेल्या अहमद नावाच्या मुलाला पुढे केले आणि विरोधकांना शह देण्यासाठी अकबराचा मुलगा मुराद याला गुजरातेतून बोलावले. मुराद येताच मियाँ मंजूला पश्चात्ताप झाला. चांदबीबीने किल्ल्याचा ताबा घेऊन इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर याच्या नावाने द्वाही फिरवली.

डिसेंबर १५९५ मध्ये मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला व तटाखाली सुरुंग पेरले. काही सुरुंग आतून निकामी करण्यात आले. फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडून तटाला खिंडार पडले. चांदबीबी बुरखा घेऊन, हाती तलवार धरून स्वतः खिंडारावर उभी राहिली. मोगलांचे हल्ले परतवण्यात आले आणि रातोरात तट पुन्हा बांधण्यात आला. दारूगोळा संपल्यावर तिने सोन्याचांदीची नाणी तोफांत भरली, ही कथा लोकप्रिय असली तरी ती दंतकथा मानली जाते. तिने वाढवलेल्या इब्राहिम आदिलशाहाने सुहेलखानाच्या हाताखाली कुमक पाठवली. ती जवळ येत असताना तह झाला: वऱ्हाड मोगलांना मिळाले व बहादूरचा हक्क मान्य झाला.

मृत्यू

तह टिकला नाही. सरदार आहंगखानाशी चांदबीबीचे वितुष्ट आले व राज्यात दुफळी माजली. इ.स. १६०० मध्ये शाहजादा दानियाल व खानखानान यांनी पुन्हा अहमदनगरला वेढा घातला. लढण्याची शक्ती उरली नसल्याचे ओळखून, किल्ला देऊन बहादूरसह सुखरूप जुन्नरला जाण्याचा विचार तिने जितखान या खोजाजवळ बोलून दाखवला. ती मोगलांना फितूर झाल्याची आवई त्याने उठवली आणि चिडलेल्या जमावाने महालात घुसून तिची हत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला. बहादूरला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदिवासात पाठवण्यात आले. निजामशाहीचा उरलेला भाग मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझाच्या नावाने सांभाळला.

वारसा

मुर्तझा व अहमदनगर-विजापूरच्या दोन्ही दरबारांत वावरलेला फेरिश्ता हा तिच्या काळाच्या माहितीचा महत्त्वाचा आधार आहे. अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) शहराजवळील टेकडीवरील अष्टकोनी वास्तू चांदबीबी महाल या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची, म्हणजे सोलापूरसाठी विवाह अडवून धरणाऱ्या त्याच मंत्र्याची, कबर आहे.